वरणातलं मीठ

उज्जैन, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

आईला जाऊन आज महिना झाला. संध्याकाळी सुधाने वरण गॅसवरून उतरवलं आणि मग मीठ घातलं. मी बायकोवर उगाच चिडलो, "शिजतानाच घाल ना!" ती म्हणाली, "आईंनीच सांगितलं होतं. उकळताना आयोडीन उडून जातं म्हणे."

आईने? चौथी शिकलेल्या आईने?

आयोडीनवाल्या मिठाचं पहिलं पाकीट टावर चौकातून मीच आणलं होतं, वर भाषणही ठोकलं होतं. तेव्हा तिने विचारलं होतं, "अरे, उकळत्या वरणात ते टिकतं का?" पाहुण्यांसमोर मी हसलो. "आई, केमिस्ट्री मी शिकवतो. सरकारने सोचसमझकरच काढलंय." ती गप्प बसली. म्हणजे मला तसं वाटलं.

वीस वर्षं कॉलेजात आयोडीन तापवून पोरांना जांभळी वाफ दाखवतोय. ती वाफ आणि घरचं वरण, एकदाही जोडून पाहिलं नाही. आज पुस्तक काढलं. शिजवताना थोडं जातंच. मग मी शिकलो तरी काय?

सुधाला विचारलं, आई मला का नाही बोलली?

ती खाली बघून म्हणाली, "म्हणायच्या, त्याला सांगू नकोस. परत हसेल."