खळ्यातून काढलेला फोटो

आई, तुझी लांबची लेन्स मोडली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्यावर यायला घाबरेन. मांडवीच्या धक्क्यावर मोडली. हल्ली लग्नाच्या आधीच नवरा-नवरीचे फोटो काढतात, समुद्रावर, किल्ल्यावर, भाड्याचे कपडे घालून. तुला हसूच आलं असतं. मुलीच्या अंगात पायघोळ लाल झगा होता, मागे चार हात लोळणारा. मी लांब तिकाटण्यावर कॅमेरा लावून बसलेली. तिला म्हटलं, माझ्या बाजूने पळत ये. ती आली, वारा आला, झग्याचा घोळ तिकाटण्याच्या पायात अडकला आणि सगळं माझ्या डोळ्यांदेखत दगडावर आडवं झालं. कॅमेरा वाचला. लेन्स उचलली तर नळीला पोचा आणि आत काहीतरी खुळखुळत होतं. मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, "अगं रडू नको, काजळ उतरेल, अजून फोटो घ्यायचेत," आणि दुसरी लेन्स लावून काम पुरं केलं. घरी येईपर्यंत मी काही वाटूच दिलं नाही स्वतःला.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, रिळं गेली, निगेटिव्ह गेल्या, तू पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग पुसायचीस ते काम आता बोटाने काचेवर होतं. पण तुझी ही लेन्स मध्ये एक कडं बसवून मी नव्या कॅमेऱ्यावर चालवत होते. फोकस हाताने करावा लागायचा. पावसाळ्यात तू तिला बिस्किटांच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवायचीस, तशीच मीही ठेवत आले.

मी ती घेऊन मुंबईला गेले. फोर्टात एक दुरुस्तीवाले आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी लेन्स उघडून दिव्याखाली धरली आणि म्हणाले, "एक काच तडकलीय. ही आता बनत नाही. अशीच दुसरी जुनी कुठे मिळाली तर तिची काच काढून ह्यात घालता येईल. नळी सरळ करीन, पण रिंग पहिल्यासारखी फिरणार नाही." मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "ताई, कामासाठी हवीय की आठवण म्हणून? आठवण म्हणून असेल तर करून देतो. कामासाठी असेल तर नवी घ्या." मी विचार करून सांगते म्हटलं आणि लेन्स परत पिशवीत घालून गाडीत बसले.

घरी तुझ्या जावयाने जेवता जेवता निकाल लावला. "आईंची वस्तू आहे. बनवून घे. त्यात विचार कसला करायचा?" तू असताना तुझ्यासमोर तोंड उघडायचा नाही, आता तुझ्या बाजूने भांडतो. मी लेन्स कपाटावर ठेवली. खरं म्हणजे मला ती दुरुस्त करून घ्यायची होती, आणि का, ते मलाच कळत होतं. ती लेन्स कशी आली हे मी पाहिलेलं आहे.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तू स्टुडिओतली रिटचिंगची, ती डाग पुसायची, नोकरी सोडून स्वतःचा कॅमेरा घेतलेलास आणि तुला पहिलं मोठं काम मिळालं होतं. गावाबाहेरच्या एका बागायतदाराकडे, साखरपुडा आणि लग्न, दोन्ही. बाई फोटो काढणार म्हणून घरातल्या बायका खूश होत्या. साखरपुड्याच्या दिवशी आपण दोघी गेलो. यजमानीणबाईंनी ओटीवर बसवलं, चहा आणवला, आणि चहा देता देता तुझं गाव विचारलं. तू सांगितलंस. मग वाडी विचारली. तू तीही सांगितलीस, बौद्धवाडी, अगदी साध्या आवाजात, जसा कुणी आपला पत्ता सांगतो. बाई हसतच राहिल्या, पण चहाचा कप त्यांच्या हातातच राहिला. थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या, "आत बायकांची गर्दी फार आहे हो. तुम्ही आपले खळ्यातूनच घ्या फोटो." तू कॅमेरा उचललास आणि पायऱ्या उतरून खळ्यात, पुढच्या अंगणात जाऊन उभी राहिलीस. कार्यक्रम आत माजघरात झाला. आपण बाहेर मांडवाच्या खांबापाशी.

ते फोटो तू धुतलेस तो दिवस मला अजून दिसतो. भर दुपार आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीला तू घोंगडी ठोकली आहेस, ओट्यावर रसायनाच्या तीन थाळ्या, वर लाल दिवा. कागदावर हळूहळू चित्र येतं. दाराची मोठी काळी चौकट येते, आणि तिच्या पार आत मोहरीएवढी माणसं. त्यात नवरी कुठली हेही कळत नाही. मी चिडून म्हटलं, "लग्नाला जायचंच नाही आपण. सांग त्यांना, दुसरा बघा." तू चिमट्याने कागद उचललास, पाणी निथळू दिलंस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "काम घेतलंय गो मी. हे फोटो वाईट आलेत ते कुणाच्या नावावर जाणार? मी खळ्यात उभी होते, ते फोटोत दिसत नाय. फोटोत दिसतं ते एवढंच, की या बाईला फोटो काढता येत नाय." मी म्हटलं, "पण त्यांनी तुला..." "ते त्यांचं. फोटो माझा," तू म्हणालीस. "आणि परत कामाला जायचं नाय असं बोलायचं नाय माझ्यासमोर."

मामा तेव्हा मुंबईला गोदीत होता. तू त्याला निरोप पाठवलास आणि लग्नाच्या आधी तो स्वतः लेन्स घेऊन आला, कुठल्याशा बोटीवरच्या साहेबाकडून जुनी मिळवलेली. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून आणली होती त्याने. तू ती कॅमेऱ्याला लावून दारात उभी राहिलीस आणि समोरच्या माडावरचे नारळ बघत बसलीस. किती तरी वेळ. मामा म्हणाला, "अगो, चहा तरी दे." तू म्हणालीस, "थांब रे. शहाळं कुठलं नि नारळ कुठला, ते पण कळतंय."

लग्नाच्या दिवशी पुन्हा खळं. या खेपेला तुला कुणी सांगावंच लागलं नाही, तू आपणहून तिथे जाऊन उभी राहिलीस, पण खांबापाशी नव्हे. माजघराची खिडकी समोर येईल अशी जागा तू उन्हात जाऊन शोधलीस. सकाळचं ऊन खिडकीतून सरळ आत पडलेलं. आत नवरीची आई तिची वेणी घालत होती. नवरीने एकदा मान वर केली, मग खाली घातली, आणि तू बटण दाबलंस. तो फोटो बघून त्या घरातल्या बायका हरखल्या. खाली घातलेली नजर, गालावर ऊन, मागे आईचे हात. मोठा करून घेतला त्यांनी, चौकट करून ओटीवर लावला. लाजरी नवरी, लाजरी नवरी असं जो तो म्हणायचा. त्या फोटोवर तुला पुढची किती कामं मिळाली. बऱ्याच घरांत तुला मग आत बोलावलं. सगळ्यांत नाही.

तर आता ऐक. लेन्स कपाटावर पडून होती तेव्हा मला फोन आला. तीच नवरी. आता तिचे केस पांढरे झालेत. भाऊ नाही, म्हणून माहेरचं घर आणि बाग तीच बघते, आणि तिच्या मुलीचं लग्न त्याच घरात आहे. म्हणाली, "तुमच्या आईंनी माझा खिडकीतला फोटो काढला होता. माझ्या मुलीचा तसाच हवाय मला. त्याच खिडकीतून, तसाच." मी जागा बघायला म्हणून गेले. न जाण्याचा विचार एकदा मनात आला, आणि लगेच तुझा आवाज आला, म्हणून गेले.

तिने मला ओटीवर बसवलं. तुझा फोटो अजून तिथेच आहे, थोडा पिवळा पडलाय. तिने तो उतरवून आणला आणि पदराने काच पुसायला लागली. मी सांगितलं, "ताई, हा ज्या लेन्सने काढला ती आता मोडलीय."

"मग दुसरी आणा. पण खळ्यातूनच काढा, तरच असा येईल."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आई खळ्यात का उभी होती, ठाऊक आहे तुम्हाला?"

तिचा पदर काचेवर थांबला. 

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी आतच होते ना साखरपुड्याला. आमच्या आईने त्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं. लग्नाच्या दिवशी खिडकीतून दिसल्या त्या मला, उन्हात उभ्या. मी वर बघितलं आणि नजरानजर झाली त्यांची नि माझी. मग मला वर बघवेना." फोटो तिने मांडीवर पालथा ठेवला. "लोक लाजरी म्हणतात. मी काही लाजत नव्हते हो."

आई, तुला हे माहीत होतं का? तू लेन्समधून बघत होतीस, तिचा चेहरा तुझ्या हाताच्या अंतरावर आला असणार. तू कधी बोलली नाहीस. मी त्या फोटोत इतकी वर्षं ऊन बघत आले.

मी तिला म्हटलं, "मग मुलीचा तसा नको. मी आतून काढीन. माजघरात उभी राहून."

ती म्हणाली, "लोक म्हणतील, आईचाच चांगला होता."

"म्हणू देत."

ती उठली. फोटो परत खिळ्याला लावला, माजघराचं दार ढकललं आणि म्हणाली, "या."

लग्नाच्या दिवशी मी पहाटेपासून आत होते. छोटी लेन्स लावून इतकी जवळ, की नवरीच्या बांगड्या कॅमेऱ्याला लागत होत्या. वेणी घालायला तिची आई बसली. मी खिडकीकडे पाठ करून उभी. मुलीने एकदम माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, माझी टिकली सरकलीय का हो?" आणि मी बटण दाबलं. फोटोत ती तोंड उघडं टाकून सरळ माझ्याकडे बघतेय, कडेला कुणा आत्याचं कोपर आलंय, मागे आई हातात गजरा घेऊन हसतेय. तुझ्या फोटोच्या जवळपासही येत नाही तो. ऊन नाही, मांडणी नाही. मी तो दहादा बघितला आणि दहाही वेळा मला तोच हवा होता. तिच्या आईलाही आवडला. तिने तो ओटीवर लावायला मोठा करून मागितलाय. तुझा काढणार का, हे मी विचारलं नाही. तो तिचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. नवी लेन्स घ्यायची. लांबून काढायचे फोटो असतातच ग, शिमग्याच्या पालख्या असतात, होड्या असतात, स्टेजवरची मुलं असतात, ती कामं सोडून कशी चालतील? पण आता लांब कुठे उभं राहायचं आणि जवळ कुठे जायचं ते माझं मी ठरवणार. त्यासाठी रिंग न अडकणारी लेन्स हवी. जावई म्हणाला, "निदान तुटकी तरी कपाटात ठेव. आईंची एवढी एकच तर वस्तू." मी म्हटलं, "तिने ती वस्तू म्हणून नव्हती आणली रे. कामासाठी आणली होती." तो ताट उचलून उठला. सकाळी मात्र मला स्टेशनवर सोडायला आला, आणि पिशवी शेवटपर्यंत त्यानेच धरली.

दुरुस्तीवाल्यांना मी लेन्स देऊन टाकली. म्हटलं, हिच्या बाकीच्या काचा चांगल्या आहेत, कुणाची अशीच लेन्स दुरुस्तीला आली तर त्यात घाला. त्यांनी विचारलं, "नक्की ना? मागाहून मागितली तर मिळायची नाही." मी नक्की म्हटलं. त्यांनी ती खणात ठेवली, दुसऱ्या सुट्या काचांबरोबर. मला वाईट वाटलं. वाटलं तरी हात पुढे केला नाही.

हे लिहून झालं की मी कागद फाडणार आहे, घरात कुणी वाचू नये म्हणून. तू नाहीस म्हणून एक गोष्ट सांगू शकते, तू असतीस तर धीर झाला नसता. नवी लेन्स तुझ्या लेन्सपेक्षा फार चांगली आहे, आई. दुकानात ती डोळ्याला लावली आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती, तिच्या हातातला चिमटा दिसला, त्याची स्प्रिंग दिसली. मी इतकी खूश झाले की तिथे उभी असताना मला तुझी आठवण आलीच नाही. गाडी पनवेल सोडून पुढे गेली, तेव्हा आली.