कारणांची नऊ पानं

८ एप्रिल

पोचले एकदाची. ट्यूनिसजवळ समुद्रकाठचं हॉटेल, बावीस न्यायाधीश, चार दिवस. विषय — अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आणि मानवी हक्कांचा कायदा. सत्तावन्नाव्या वर्षी मला पुन्हा शाळेत बसवलंय. बावीसच्या बावीस जण मागची रांग धरायला धावले. मीही धावले.

खोलीत जोडीला युस्र. एकतीस वर्षांची, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. सारखं "बाई, बाई" करते, माझी बॅग मला उचलू देत नाही. घोरते मात्र माझ्या दुप्पट.

संध्याकाळी नवऱ्याचा, तिजानीचा फोन. निवृत्त मास्तर तो. "काय, उठाबशा काढायला लावल्या का?" मग नेहमीचा प्रश्न — "यादीचं काही कळलं?" बदल्यांची यादी ऑगस्टशिवाय लागत नाही, हे काय त्याला माहीत नाही? अकरा वर्षं झाली. मी दक्षिणेत, तो नाबुलच्या घरी. यंदा नाबुलच्या कोर्टात एक जागा आहे आणि सुचवलेल्या नावांत माझं पहिलं आहे. मागची खोली त्याने माझ्या टेबलासाठी निळी रंगवायला काढलीय.

९ एप्रिल

शिकवायला लारूसीसाहेब. निवृत्त न्यायाधीश, वय शहात्तर, डोक्यावर लाल टोपी. पहिलंच वाक्य — "तुमच्यापैकी कितींनी आयुष्यात कारण लिहून मग निकाल दिलाय?" एकही हात वर नाही.

कसा होणार! आमच्याकडे रीतच उलटी. निकाल आधी भर कोर्टात वाचून मोकळं व्हायचं, कारणं मागाहून सवडीने लिहायची. सवड कधी मिळते? माझ्या कपाटात साठ फाइली कारणांची वाट बघताहेत. आणि कारणं लिहून होईस्तोवर अपील हलत नाही.

साहेब म्हणाले, "अंगाच्या मापाने सदरा शिवायचा, का सदऱ्याच्या मापाने माणूस कापायचा?" सगळे हसले. मी जरा उशिरा हसले.

तिजानीचं घर फुलांनी भरलंय. नारिंगाचा हंगाम — आईच्या तांब्याच्या भांड्यात अर्क काढत बसलाय. ते भांडं नाबुलच्या वेशीबाहेर कधी गेलं नाही, हे अभिमानाने सांगतो. स्वतःही जात नाही! वर्षातून दोनदा माझ्याकडे येतो, दोन दिवस राहतो, "दातात वाळू येते" म्हणून पळतो. आणि तरी, त्याच्या फोनशिवाय मला जेवण जात नाही. हे त्याला कधी सांगितलेलं नाही.

१० एप्रिल

प्रत्येकाने कारणं न लिहिलेली एक फाइल आणायची होती. निघताना मी वरची उचलली. आज उघडली — मब्रूका.

शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण. मुलांच्या मॅकरोनीच्या ताटाचा फोटो फोनवर टाकला, खाली लिहिलं — "यातलं मांस कुठं गेलं? साहेबांच्या पोटाला विचारा." साहेब म्हणजे शाळाखात्याचे. त्यांनी तक्रार केली, सरकारी अधिकाऱ्याचा अपमान. कोर्टात मब्रूका म्हणाली, "मॅडम, मी ताटात चमचा घालून शोधलं. नाही सापडलं. तेवढंच लिहिलं." सगळं कोर्ट हसलं. मलाही हसू आलं होतं, ते गिळलं. त्या सकाळी चाळीस प्रकरणं होती, सरकारी वकील डोळे वटारून बघत होते, आणि माझ्या डोक्यात यादी. सहा महिने, आणि अंमल लगेच. अपील होईपर्यंतही सुटका नाही. ही गोष्ट चार मार्चची.

म्हणजे ती आत बसलीय ती माझी कारणं लिहून झाली नाहीत म्हणून. हे मला आज, समुद्राकडे तोंड करून बसल्यावर सुचतंय.

लारूसीसाहेबांचा अभ्यास असा — प्रत्येक फाइलीची कारणं लिहा. कायद्यात नेमकं काय म्हटलंय? बोलण्याने कोणाचं काय नुकसान झालं? शिक्षेची गरजच होती का? त्याहून सौम्य काही पुरलं नसतं का? निकालाचं पान कोरं ठेवा. उद्या ते तुमच्या शेजारी बसलेला भरेल.

११ एप्रिल

माझी पानं युस्रकडे गेली. नावं खोडलेली. तिने दोनदा वाचली, पेन चावलं, शेवटच्या पानावर लिहिलं — निर्दोष.

"बाई, रागावू नका. ही कारणं वाचून दुसरं काही लिहिताच येईना."

"रागावत नाही."

"खरी केस आहे? तुम्ही काय दिलं होतं?"

"सहा महिने."

पोरगी संत्रं सोलत होती, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. माझ्या पोटची असती तरी इतकं शहाण्यासारखं वागली नसती.

जेवणानंतर लारूसीसाहेबांना गाठलं. निकाल फिरवता येतो का? "जाहीर केलेला निकाल तुझ्या हातून सुटला, दलेंदा. तो आता वरचं कोर्टच मोडेल. कारणं मात्र अजून तुझ्या हातात आहेत." मग टोपी काढून डोकं खाजवलं. "मी माझ्या हातातली सगळी खोटी लिहिली. म्हणून तर म्हातारपणी शिकवत हिंडतोय."

१५ एप्रिल

परत दक्षिणेत, नोकरीच्या गावी. कोर्टाच्या अध्यक्षसाहेबांना सांगितलं, मब्रूकाची कारणं आधी घेते. त्यांनी दार लोटून घेतलं. "दोन ओळी खरड — आरोप शाबीत, शिक्षा योग्य. यादी तोंडावर आलीय. नाबुलला जायचंय ना?" माणूस वाईट नाही. माझ्या वाढदिवसाला दरवर्षी खजूर पाठवतो.

१७ एप्रिल

दोन ओळी लिहिल्या. छान जमल्या. म्हणूनच फाडल्या.

२० एप्रिल

नऊ पानं झाली. कायद्याने काय, नुकसान कोणाचं, गरज होती का — सगळं जसं आहे तसं. आणि शेवटी — "ही कारणं व जाहीर केलेला निकाल यांचा मेळ बसत नाही. ही चूक न्यायाधीशाची आहे." खाली सही. जरा वाकडीच आली. तशीच राहू दिली.

अध्यक्षसाहेबांनी वाचलं. "हा धोंडा तू स्वतःच्या पायावर पाडून घेतलास." पण फाइल अडवली नाही, त्याच दिवशी अपिलाला रवाना केली.

तिजानीला सांगायला फोन लावला. तो म्हणाला, निळा रंग फार गडद झालाय, पुन्हा एक हात देतोय, तुझ्या डोळ्यांना त्रास नको. मी म्हटलं, दे. नऊ पानांचं सांगायचं राहूनच गेलं.

२ जून

वरच्या कोर्टाने निकाल मोडला. मब्रूका काल सुटली. युस्रचा फोन आला, नुसती रडत होती, वेडी. म्हणाली, वकील मंडळी माझ्या नऊ पानांच्या नकला काढून एकमेकांना देताहेत.

आजच न्यायखात्याच्या तपासणी विभागाचं पत्रही आलं. वीस दिवसांत त्या नऊ पानांचा खुलासा करा.

६ जून

मब्रूका बाजारात दिसली. माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवून मिरच्या निवडायला लागली. बरोबरच आहे तिचं. जवळजवळ तीन महिने आत काढले तिने, ते मी कुठून परत देणार?

१९ जून

खुलासा पाठवला. लांबण लावली नाही.

तिजानी हल्ली यादीचं विचारत नाही. आठवडा झाला. विसरला बहुतेक, सत्तरीला टेकलाय. आणि चाळे बघा — आज त्या भांड्याला कल्हई करून आणली म्हणे! फुलं एप्रिलमध्येच संपली. आता पुढच्या वसंतापर्यंत ते भांडं कोपऱ्यात बसणार, कल्हई कशाला? म्हटलं, तुला उद्योग नाही. म्हणाला, "नाहीच."

असा एकटा बसतो, नको ते उद्योग करतो. जीव तुटतो माझा. सांगायला हवं त्याला. उद्या सांगते.

२३ जुलै

अजून सांगितलेलं नाही.

५ ऑगस्ट

यादी लागली. नाबुलला दुसरंच कोणी. मी आणखी खाली, वाळवंटाच्या तोंडाशी. लुआजने, म्हणजे वाटून भाडं भरायच्या गाडीने, इथून पाच तास. निवृत्तीपर्यंत तिथंच.

रात्री तिजानीला सगळं सांगितलं. मब्रूका, नऊ पानं, खुलासा, यादी, एका दमात. चार महिने लपवलं हेही सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

मला पानांचा पस्तावा नाही. त्याला अंधारात ठेवल्याचा आहे.

६ ऑगस्ट

फोन नाही.

७ ऑगस्ट

नाही. मी केला, बंद लागला. पाव आणि दोन ऑलिव्ह खाल्ले. बाकी ताट तसंच.

८ ऑगस्ट

सकाळी दारात आठ जणांची लुआज उभी, आत माणूस एकच. टपावर घोंगडीत बांधलेलं तांब्याचं भांडं. तिजानी दोरीची गाठ तपासत म्हणाला, "तुझी नऊ पानं जूनमध्येच वाचली. वकील झालेला माझा एक विद्यार्थी घेऊन आला होता. तेव्हाच कळलं, नाबुल काही मिळत नाही. मग भांड्याला कल्हई करून घेतली, प्रवासाला बरी. चल, बांधाबांध कर, गाडीवाला पुढं तुझ्या नव्या गावापर्यंत यायला तयार आहे. तिकडे कसली फुलं येतात?"