दादाच्या खिशातलं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ

पंधरा दिवस दादाने मुलाचं कार्ड खिशात ठेवलं. माझ्या सख्ख्या भावाने.

माझ्या लेकीसाठी, शालूसाठी, अमडापूरची सोयरीक त्यानेच आणली. आमच्याकडे पत्रिका नाही, पण सिकलसेलचं, त्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं, कार्ड आधी बघतात. शालूच्या रक्तात तो दोष तिच्या वडिलांकडून आलाय. माझे हे त्या आजारानेच गेले. त्या मुलाच्याही रक्तात आहे. दोघांत असला तर लेकराला आजार होऊ शकतो. दादाला सगळं ठाऊक होतं.

आज कार्ड मागितलं तर ते हातात देत हसत म्हणाला, "काऊन भेऊन राह्यली तू? आता जीन बदलून दुरुस्त करतात. तूच तं मले पेपर वाचून दाखवला."

हो, मीच. आनंदाने दोनदा वाचला. यांच्या वेळी हे असतं तर... पण खर्च अफाट आहे, तो उपचार आपल्या भागात अजून नाही, हेही त्यातच होतं. तेवढंच कसं विसरला? आणि हसत?

मी म्हटलं, "लेकरू कळांनी तडफडंल, तवा त्याले पेपर दाखवू काय?"



मुलाच्या आईला मीच फोन करून नकार कळवला. शालू रडली नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "आई, तुहं लग्नही मामानंच जमवलं होतं ना? बाबाच्या आजाराचं त्याले माहीत होतं काय?"

'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि दादाचं मघाचं हसणं आठवलं.