रंगूची लाळ

४ डिसेंबर १९३७

आणखी एक झबलं ओलं! तिसरं वर्ष सरलं, तरी भाऊ जगदेवच्या रंगूची हनुवटी कोरडी म्हणून नाही. आज वाशीमच्या बाजारात शेजारची जिजाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मळाभर भाजी, अन् भावजयीचे डोहाळे उपाशी! पोरीची लाळ पाहा." माळणी खदखदल्या. मेल्या! नवऱ्यानं टाकल्यापासून भावाची चूल माझ्याच हातात. म्हणजे बोट माझ्याकडेच.

६ डिसेंबर

भावजयीला, गोजराला विचारलं, रंगूच्या वेळी काय खावंसं वाटलं होतं? राहिलेले डोहाळे पुरवले की पोराची लाळ थांबते, शेंबड्यालाही ठाऊक आहे. "काहीच नाही," म्हणे. ठोंबी! मग मीच चिंच, बोरं, चुलीची माती पोरीच्या तोंडात कोंबली. ओकली. लाळ दुप्पट.

९ डिसेंबर

जगदेवनं पोरीला दवाखान्यात नेलं. लेकीपुढे त्याला बहीण दिसत नाही. डॉक्टर म्हणाला — घशात गाठी सुजल्यात, नाक चोंदलंय, म्हणून तोंड उघडं राहतं, लाळ गिळली जात नाही. औषधाची बाटली दिली. पुरुषाला डोहाळ्यातलं काय कळतं! बाटली मोरीत ओतली.

१० डिसेंबर

हनुवटीला तुरटी घासली. कातडी सोलवटलेली, किंचाळली. गोजरा रडत होती. रडू दे. खरं सांगत नाही तोवर तिला भाकर नाही.

१३ डिसेंबर

तरी गप्पच! शेवटी आळीतल्या बाया गोळा केल्या, जगदेवला समोर बसवलं. गोजराला म्हटलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग मी काय नाकारलं ते! खोटं बोललीस तर पोरीला बाधेल.

तिनं हात ठेवला.

"खायाचं काहीच नव्हतं, बाई. तुमी ह्या घरात नसाव्या, एवढंच वाटे मले. दुसरे डोहाळे लागलेच नाहीत."

मी हसले. म्हटलं, ऐकलंस जगदेव? काढ वहाण! पण तो रंगूचं तोंड पुसत बसला. मग म्हणाला, "बाई, तूच सांगून राह्यली होती ना — डोहाळे पुरवले का लाळ थांबते?"

बाया पदर सावरत आपापल्या घरी निघाल्या.

१४ डिसेंबर

जगदेवनं सकाळीच बैल जुंपले. माझी पेटी गाडीत. रिठदला सोडणार — ज्यानं टाकलं, त्याच्याच दारात.