धनगरवाड्यात आक्काचा सत्कार

२ फेब्रुवारी १९७८
धनगरवाड्याची माणसं संध्याकाळी दारात. आक्काचा सत्कार करायचाय म्हणे, रविवारी, चावडीपुढं. चहा सांगितला, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. एवढी वर्षं आमच्या वस्तीकडं ढुंकून न बघणाऱ्यांना एकदम एवढा उमाळा? पंचायतीची निवडणूक तोंडावर आहे, दुसरं काय.

३ फेब्रु.
आक्काला विचारलं, कामून करायलेत हे? म्हणाली, "बांधावर बसले म्हणून." एवढंच.
बिरप्पाची मेंढरं मैलारीच्या जोंधळ्यात घुसली तेव्हा धनगरवाड्यातले हे सख्खे भाऊ कोयते घेऊन उठलेले. माझी ही थोरली बहीण मधोमध जाऊन बसली, दिवस बुडेपर्यंत उठली नाही. आमच्यात बुद्धवंदना तीच घेते, लग्न-मयतही तीच पार पाडते. भंतेजी कधीमधी येतात. पण तिथं तिनं गाथासुद्धा म्हटली नाही. नुसती बसली.
त्यासाठी सत्कार? पटत नाही.

४ फेब्रु.
दौलतदादा, वस्तीतले वडीलधारे, तणतणत आले. "घोंगडीवर बसवतेत आन् बिरोबाचा भंडारा लावतेत. कपाळाला हळद लागली की संपलं. दीक्षा घिऊन मिळालं काय मंग?"
खरं आहे. आक्का नको म्हणाली तर धनगरांचा अपमान, हो म्हणाली तर आमचा. हळद लागली तर वंदनेला दुसरं माणूस बघू, असं बोलून दादा गेले. वंदना सोडली तर आक्काला आहे काय?

५ फेब्रु., रविवार
झालं एकदाचं. नवी घोंगडी. मी पुढंच, डोळ्यांत तेल घालून. मैलारीनं भंडाऱ्याची चिमूट उचलली. आक्कानं ओंजळ पुढं केली.
"हितं दे अप्पा. कपाळ ऱ्हाऊ दे."
तो गडबडला. मग ओंजळीत ठेवली. मतांचं अवाक्षर कुणी काढलं नाही, त्याचाच मला जास्त संशय.
अर्धी वस्ती म्हणते हळद घेतली, अर्धी म्हणते नाही घेतली.

९ फेब्रु.
वंदनेला दादांच्या घरचं कुणी नाही. धनगराच्या दोन बाया मात्र विहाराच्या दाराशी, लेकरू आक्काच्या पायावर घालायला. तिनं ते उचलून आईच्या कडेवर दिलं. तरी बाया नमस्कार करूनच गेल्या.

१४ फेब्रु.
शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून बांधाकडं गेलो. जिथं ती बसली होती तिथं दगड! हळद फासलेला, पुढं नारळ फोडलेला. अंगाची लाहीलाही झाली. माणूस म्हणून मानायला जड जातं, देव करून मोकळे. उपटायला वाकलो तर मेंढरांमागून बिरप्पा.
"गुर्जी, हात लावू नका."
"अरे, आक्का देव मानत न्हाई. तिचाच देव करायलास?"
"तुमची आक्का तुमच्यापशीच हाय की. आमी ती मागायलाव व्हय? ह्यो दगड हितं हाय म्हणून भाऊ कोयता घिऊन येत न्हाई."
दगड तसाच ठेवून आलो.
घरी आक्का भाकरी थापत होती. "उशीर केलास रे. काय झालं?"
सांगायला तोंड उघडलं, आणि पाणी मागितलं.