जुन्या फोटोंची उठाठेव

३ मार्च, सकाळी, ऑफिसात
आजपासून रील बघणं बंद. कायमचं. जग बावळट झालंय. लिफ्टच्या तक्रारींचा फोन मी सांभाळतो, त्यामुळे मला रोज पुरावा मिळतो. पूर्वी माणूस लिफ्टमध्ये अडकला की घाबरायचा. हल्ली आधी व्हिडिओ काढतो, मग फोन करतो.
आमच्या वेळी फेसबुकवर वॉल होती. धाकटा भाऊ माझ्या वॉलवरच्या पोस्टखाली काहीतरी लिहायचा, मी उत्तर द्यायचो. साधी माणसं, साधे शब्द. आता तो माझ्या पोस्टकडे ढुंकूनही बघत नाही.

३ मार्च, दुपारी
तीन रील बघितले. माहितीपर होते.

५ मार्च
धाकट्याने नवं घर घेतलंय. रविवारी सगळ्या नातेवाइकांना तिथे जेवायला बोलावलंय. ही बातमी मला बहिणीकडून कळावी! आम्हाला अजून बोलावणं नाही. बायको म्हणाली, मागच्या खेपेला चारचौघांत तुम्ही त्याच्या सोफ्याला भंगार म्हणालात, फोन करून माफी मागा.
मोठा मी. माफी मी मागू? आणि दोष सोफ्याचा नाहीच, काळाचा आहे. जुन्या दिवसांची आठवण करून दिली की धाकटा धावत येईल.

६ मार्च
योजना ठरली. सगळ्यांच्या पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या फोटोंवर मनापासून कमेंट करायची. कमेंट पडली की फोटो सगळ्यांना नव्याने वर दिसतो. माणसं विरघळतील.
शुभारंभ मोठ्या साहेबांपासून. त्यांच्या जुन्या कंपनीच्या सहलीचा फोटो, टेबलावर चढून बनियनवर नाचतायत. मी लिहिलं, साहेब, ही कंबर गेली कुठे?
तासाभरात सगळं ऑफिस तो फोटो बघत होतं. निखळ आनंद अजून जिवंत आहे म्हणायचा.

७ मार्च
बदली झाली. तळघरात, स्पेअर पार्टच्या गोदामात. साहेब म्हणाले, तुमच्या अनुभवाची खाली फार गरज आहे. उशिरा का होईना, कदर झाली.
गोदामात रेंज नाही. लोखंडी रॅकवर चढून बसलं की एक दांडी येते. फोनवर रडणाऱ्या अडकलेल्या लोकांची कटकट गेली. कामाला निवांतपणा मिळाला.

८ मार्च
दातांच्या डॉक्टरांचा कॉलेजातला फोटो सापडला. सगळे दात ओठांबाहेर. लिहिलं, डॉक्टर, तेव्हा मोकळेपणाने हसायचात. दुपारी त्यांच्या दवाखान्यातून फोन आला की माझी सोमवारची वेळ रद्द, दाढ दुसरीकडे दाखवा. हल्ली लोकांना कौतुकही पचत नाही.
संध्याकाळी मुख्य काम. धाकट्याचा बागेतल्या बाकावरचा फोटो. शेजारी ती बँकेतली मुलगी, जिच्याशी त्याचं तेव्हा जवळजवळ ठरलंच होतं. दोघं काय खुशीत आहेत! लिहिलं, काय जोडी शोभत होती रे! ते दिवस परत आण. खाली त्याच्या बायकोला टॅग केलं. तिलाही नवऱ्याचं तरुणपण कळायला नको?
बायकोने कपाळावर हात मारून घेतला. बाईमाणसाला जुन्या गोष्टींचं मोलच नाही.

९ मार्च, सकाळ
इस्त्रीचा शर्ट घालून तयार. धाकट्याचा फोन आला. बायकोला. बायको म्हणाली, फक्त मलाच बोलावलंय. मी म्हटलं, असं कसं, तू नीट ऐकलं नसशील. ती साडी बदलायला गेली.

९ मार्च, दुपार
ती गेली. मी ब्रेड खाल्ला. बहिणीने तिथले फोटो टाकलेत. झाडून सगळे हजर. नवा सोफाही आहे, रंग अगदीच सुमार. मला असल्या दिखाऊ जेवणावळींत कधीच रस नव्हता.
शर्ट अजून काढलेला नाही. उगाच चुरगळतो.

१० मार्च, गोदाम, रॅकवर
शेवटचा उपाय. आमचं दोघांचं जुनं बोलणं शोधून त्यालाच पाठवायचं. सख्खा भाऊ आहे, पाझर फुटेलच.
माझ्या जुन्या पोस्ट सापडल्या. धाकट्याचं एक अक्षर नाही. खाली नुसती माझी उत्तरं. हो रे, पोचलो. हा हा हा. तू पण ना! अरे, आईला सांगू नकोस. सगळा एकट्याचाच संवाद, वेड लागल्यासारखा.
बायकोला फोन लावला. ती म्हणाली, भावोजींनी तुम्हाला ब्लॉक केलंय. ब्लॉक केलं की त्यांनी लिहिलेलं सगळं तुम्हाला दिसायचं बंद होतं.
अ‍ॅपमध्ये बिघाड असणार. कंपनीकडे तक्रार केली आहे.
एका पोस्टखाली मी लिहिलंय, घाबरू नकोस, मी आहे ना. धाकटा तेव्हा कशाला घाबरला होता, ते सकाळपासून आठवतोय. काही केल्या आठवत नाही.