बाबा, त्या दिवशी लाईन गेलीच नव्हती!

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. आज पहिल्यांदा लिहायला बसले, कारण काल दुपारी तुमच्या मोबाईलवर तो कुत्र्याचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. बाबा, ते कुत्रं मरतं!

तुम्हाला ठाऊक होतं ना?

मी आठ वर्षांची होते. डोणगावच्या बाजारात वांगी विकून येताना तुम्ही भाड्यानं सीडी आणली होती. छोट्या मुलीला घेऊन बदलीच्या गावी निघून गेलेलं कुटुंब, मागे राहिलेलं कुत्रं, आणि त्यानं पायी गाठलेलं शहर. ते त्यांच्या बंगल्याच्या फाटकापाशी येऊन बसलं आणि लाईन गेली, टीव्ही बंद. मी भोकाड पसरलं. तुम्ही मला मांडीवर घेतलं आणि उरलेला सिनेमा तोंडानं सांगितला. "मंग त्या पोरीनं दार उघडलं. कुत्र्याले पोटाशी धरलं. अन् दुधात भाकर चुरून देल्ली."

"बंगल्यात ज्वारीची भाकर कुठून आली, बाबा?"

"त्याईची सैपाकीण आपल्या जानेफळची होती ना बे!"

मग नेहमीचा प्रश्न. "सांग, पास का नापास?" मी म्हटलं, पास. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले, घरच्यांसोबत बघा, शेवट गोड आहे. किती लेकरांना रडवलं असेल मी!

काल आईला विचारलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लाईन कुठं गेली होती? तुह्या बाबानंच मेन स्विच पाडला. सकाळी तू झोपली होती तवा एकट्यानं पाहून घेतला होता त्याईनं. आपला मोत्या ट्रॅक्टरखाली गेला तवा चार दिवस जेवली नव्हती तू. आणखीन एक मेलेलं कुत्रं कोण दाखवीन तुले?"

शाळा नाल्यापलीकडे, म्हणून दुसरीपर्यंत तुम्हीच मला ओट्यावर शिकवलंत. पाटीवरचं पहिलं वाक्य कोणतं होतं, आठवतं? 'नेहमी खरे बोलावे.' मी ते इतकं गिरवलं की पेन्सिल संपली. फुटलेल्या कपाबद्दल अर्धंच खरं सांगितलं, तर रात्री तुम्हाला उठवून उरलेलं सांगायचे मी. बाबा, मेन स्विचचा धडा मला काऊन नाही शिकवला?

बुलढाण्याच्या दवाखान्यात तुम्ही हाच सिनेमा मागून घेतला होता. "तो कुत्र्याचा लाव." मी लावून दिला आणि डॉक्टरांनी बोलावलं म्हणून बाहेर गेले. परत आले तर तुम्ही सिनेमा थांबवून माझ्याकडेच बघत होतात.

"काय म्हणते डॉक्टर? जाऊ ना आपण घरी?"

आई माझा हात दाबत होती. मला कळत होतं. तरी मी म्हणाले, "नाही बाबा. आता उपाय नाही म्हणतात."

तुम्ही म्हणालात, "बरं. खरं सांगतलं ते बरं केलं." आणि मोबाईल माझ्या हातात दिलात. "राहू दे आता. शेवट मले मालूम हाय."

मला वेडीला वाटलं, तुम्ही दूधभाकरीचं बोलताय!

त्यानंतर सहा दिवस तुम्ही घराचं नाव काढलं नाही. गायीचं विचारलं नाही, वांग्यांना पाणी दिलं का विचारलं नाही. सहाव्या दिवशी तिथंच गेलात. नुसतं 'जाऊ' म्हटलं असतं तर? ते सहा दिवस तुम्ही घरच्या वाटेवर राहिला असतात. आई म्हणते, "एवढं खरं कोणं मागतलं होतं तुले?" बाबा, तुम्ही मागितलं होतं का? का तुम्हालाही मांडीवर डोकं ठेवून शेवट ऐकायचा होता? सांगा ना! जेवताना घास हातात राहतो आणि मी हेच विचारत बसते.

सिनेमाचं विचाराल तर सांगते. कुत्र्याचं काम एक नंबर. बाप झालेला नट उगाच ओरडतो, आणि दोन गाणी जास्तीची आहेत. शेवट मात्र खोटा नाही. घरचे बाहेर गेलेले असतात, कुत्रं त्या मुलीच्या चपलेवर तोंड ठेवतं आणि संपतं. असंच होत असेल. तरी मी त्याला नापास केलंय. इतकं खरं मला आता सोसत नाही.

एक वचन देते. तुमच्या वर्षश्राद्धाला, भरदुपारी, तुमच्या फोटोसमोरच्या टीव्हीवर हा सिनेमा लावीन. कुत्रं फाटकापाशी आलं की उठून मेन स्विच पाडीन. मग तुमच्याजवळ बसून पुढचं सांगीन. ते घरी पोचतं, बाबा. दार उघडतं. सगळे घरीच असतात.

फक्त भाकर कुठून आली, ते विचारू नका.

तुमची,
नंदा